पहिली पडेल ती

टीव्हीवर टेनिसची मॅच सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दोन खेळाडूंची नावं येतात आणि मध्ये आकडे. हे दोघं आजवर इतक्या वेळा समोरासमोर आले, ह्यानं इतक्या जिंकल्या, त्यानं इतक्या. घरातले सगळे तेव्हा सरसावून बसतात आणि मी उठतो. पाणी पितो, गच्चीवर जाऊन येतो, गेटची कडी लागली आहे की नाही ते बघतो. आमची सुमन म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? उभा जन्म त्या कोर्टावर काढला, अन् मॅच बघायला दोन मिनिटं बसवत नाय." तिला आजवर खरं कारण सांगितलं नव्हतं. या वार्षिक अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा म्हटलं, आता सांगून टाकू.

मी मार्कर होतो. टेनिस न खेळणाऱ्यांना हा शब्द कळत नाही. एकदा मुलीच्या सासरी कुणीतरी विचारलं, म्हणजे तुम्ही पेन बनवता का? तर मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी टेनिसवाला. सकाळी मुरमाच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या. कुणाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं, आणि तो जिंकल्यासारखा वाटून घरी गेला पाहिजे इतपतच चांगलं खेळायचं. जाळी मध्यभागी तीन फूट हवी. त्याला टेप लागत नाही. एक रॅकेट उभी धरायची, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवायचं, झाले तीन फूट. आणि स्पर्धा असली की उंच खुर्चीवर चढून पंच व्हायचं. माझं आडनाव शेळके. त्यामुळं मी खुर्चीवर चढलो की मेंबर लोक म्हणायचे, चला, उंटावरून शेळ्या हाकणं सुरू.

आमचा क्लब क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर. मी लागलो तेव्हा तीन कोर्टं होती, आता एक आहे, बाकी दोन गाड्या लावायला गेली. शहराचं नाव बदललं, क्लबाची पाटी बदलली. बदलली नाही ती माझी वही. लांब पानांची, कापडी पुठ्ठ्याची, अशा सात वह्या आहेत. क्लबात पंच बसवून झालेली प्रत्येक मॅच त्यात आहे: कोण, कुणाशी, काय स्कोअर, आणि शेवटी पंचाची सही. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आधीच्या मार्करनं एक वही ठेवली होती, मी ती पुढं चालवली, आणि मग त्या वहीची लोकांना सवय लागली. दोन मेंबरांचं बिनसलं की ते माझ्याकडं यायचे, "काढा वही, ह्यानं मला आजपर्यंत किती वेळा हरवलंय?"

एक बडे अधिकारी बदलून इथं आले होते. त्यांच्याशी क्लबात कुणी जिंकायचंच नाही. ज्याची फाईल अडली होती तोही हरायचा आणि ज्याची नव्हती तोही, पुढं अडेल म्हणून. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि प्रत्येक मेंबराविरुद्धचा आपला हिशोब सही-शिक्क्यानिशी मागितला. मी सुंदर अक्षरात लिहून दिला. नवीन गावी त्यांनी तो फ्रेम करून लावला असं ऐकलं. वही खोटं बोलत नाही, पण खेळणारे बोलू शकतात, हे मी तेव्हा शिकलो.

एकदा एक बाई सोयगावहून आली होती. शाळेत शिक्षिका. तिचे वडील वारले होते आणि ते तरुणपणी इथं स्पर्धा खेळायला यायचे असं सांगायचे. घरात कुणाचा विश्वास नव्हता, कारण वडिलांकडं ना कप ना फोटो. मी जुनी वही काढली. सापडले. दोन वेळा खेळले होते, एकाच माणसाशी, आणि दोन्ही वेळा एकही गेम न घेता हरले होते. मला ते तिला दाखवायला जड गेलं. तिनं त्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे खेळले होते." बराच वेळ बसली, चहा घेतला, आणि जाताना पुन्हा म्हणाली, "खेळले होते बघा." ती गेल्यावर मला दिवसभर कशात मन लागेना. कारण त्याच कपाटात, तीन वह्या पलीकडं, मी एका माणसाचं खेळलेलं न खेळलेलं करून ठेवलं होतं.

आता तेच सांगतो.

ज्यांनी त्या काळात शहरात टेनिस पाहिलं त्यांना भाऊसाहेब आणि सिद्दिकीसाहेब ही जोडी सांगावी लागत नाही. भाऊसाहेब फुलंब्रीचे, घरची भरपूर शेती, इथं वकिली. सिद्दिकीसाहेबांचं जुन्या शहरात हिमरू शालींचं दुकान. भाऊसाहेब अंगानं दांडगे, प्रत्येक बॉलवर कोर्टात भाषण करणारे. सिद्दिकीसाहेब सडपातळ, खेळताना तोंडातून शब्द नाही, आणि सर्व्हिस अशी की रेषेवर रुपया ठेवा आणि उडवून घ्या. वीस वर्षं दोघं एकमेकांशी खेळले. मॅच असली की कोर्टाभोवती खुर्च्या कमी पडायच्या. भाऊसाहेब जिंकले की "सिद्दिकीभाई, आज दुकान लवकर बंद करा," आणि सिद्दिकीसाहेब जिंकले की नुसतं हसून, "वकीलसाब, अगली तारीख." दोघांचा हिशोब माझ्या वहीत एक्केचाळीस-एक्केचाळीस असा आहे. म्हणजे होता.

त्यांच्या शेवटच्या मॅचला आता तीसेक वर्षं झाली. जिल्हा स्पर्धेची फायनल. तेव्हा हिशोब एक्केचाळीस-एक्केचाळीसच होता, त्यामुळं गर्दी दुप्पट. मी खुर्चीवर.

पुढचं समजायला दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली नियमाची. मॅच सुरू व्हायच्या आधी एकजण हटला तर समोरच्याला पुढं चाल मिळते, कपही मिळतो, पण ती मॅच दोघांच्या हिशोबात धरत नाहीत, कारण ती झालीच नाही. पण एक जरी पॉइंट खेळून झाला आणि मग कुणी सोडली, तर ती झाली. सोडणारा हरला, दुसरा जिंकला. टीव्हीवरच्या त्या मोठ्या खेळाडूंचे आकडेही असेच धरतात.

दुसरी गोष्ट आमच्या क्लबाच्या रिवाजाची. नियमांच्या पुस्तकात सर्व्हिसला दोन संधी असतात. आमच्याकडं मात्र मॅचच्या अगदी पहिल्या सर्व्हिसला 'पहिली पडेल ती' असा रिवाज. हात मोकळा व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिली सर्व्हिस आत पडेपर्यंत कितीही मारा. बॉल आत पडला की तिथून खेळ सुरू. हे कुठंही लिहिलेलं नाही. पाहुणे खेळाडू चक्रावायचे. स्पर्धेत हे चालता कामा नये, मलाही ठाऊक होतं, पण आमचेच दोघं खेळत असले की कुणी हरकत घेत नसे आणि मीही तोंड मिटून बसत असे.

त्या दिवशी सराव करताना भाऊसाहेब एका उंच बॉलसाठी मागं झुकले आणि त्यांचा हात कमरेवर गेला. पण चेहरा तसाच. टॉस सिद्दिकीसाहेबांनी जिंकला, सर्व्हिस घेतली. मी "प्ले" म्हटलं.

पहिला बॉल हातभर बाहेर. दुसरा त्याहून लांब. तिसरा तर बाजूच्या खुर्च्यांकडं. लोक हसायला लागले. मी काही पुकारलं नाही, पहिली पडेल ती म्हणून. चौथ्या बॉलसाठी सिद्दिकीसाहेबांनी हात वर केला आणि बॉल पुन्हा झेलून घेतला, कारण पलीकडं भाऊसाहेब खाली बसले होते. मग आडवे झाले. कमर धरली होती, हलता येईना. चौघांनी बाकड्यावर घालून त्यांना गाडीकडं नेलं. माझ्या खुर्चीजवळून जाताना त्यांनी मान वळवली. "शेळके, मॅच झालीच नाय. पहिली पडली नाय. कळलं का?"

सिद्दिकीसाहेब जाळीपाशी उभे होते, रॅकेट काखेत. त्यांनी विचारलं, "क्या लिख रहे, शेळके?"

मी म्हटलं, "बघतो."

"देख लो. जो हुआ वो लिखो," एवढंच बोलून ते गेले.

पुस्तकानं पाहिलं तर दोन बॉल बाहेर गेले तेव्हाच एक पॉइंट भाऊसाहेबांचा झाला होता. म्हणजे मॅच सुरू झाली होती, भाऊसाहेबांनी सोडली, आणि सिद्दिकीसाहेब बेचाळिसाव्यांदा जिंकले होते. जिल्हा स्पर्धा, पंच बसवलेला, तिथं पुस्तकच चालायला हवं. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. पण भाऊसाहेब त्या वर्षी क्लबाचे सेक्रेटरी होते. मी बारा वर्षं हंगामी होतो आणि मला कायम करायचा विषय पुढच्या महिन्याच्या सभेत होता.

मी लिहिलं, "सामना झाला नाही." कप सिद्दिकीसाहेबांना मिळाला, विजय मिळाला नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. सुमननं पेढे वाटले. सातही वह्यांत ती एकच ओळ आहे जिच्यापुढं पंचाची सही नाही. लिहिलं खरं, पण सही करायला हात धजला नाही.

भाऊसाहेबांची कमर काही धड झाली नाही. ते पुन्हा खेळले नाहीत. त्यामुळं हिशोब तिथंच थांबला आणि बघता बघता ती शहराची एक गोड गोष्ट झाली. प्रत्येक समारंभात दोघांना शेजारी बसवायचं आणि कुणीतरी म्हणायचं, वीस वर्षं खेळले आणि शेवटी बरोबरी, काय सुंदर! टाळ्या. सिद्दिकीसाहेब हात जोडायचे. मी चहाच्या ट्रेमागं असायचो आणि टाळ्या संपायची वाट बघायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी गत. ते माझ्याकडं नुसते बघून हसले तरी मला वाटायचं, आज विचारतात. पण त्यांनी कधी विचारलं नाही. मी निवृत्त झालो, त्यालाही नऊ वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात नवीन सेक्रेटरी, डॉक्टर देशपांडेबाई, घरी आल्या. क्लबात जुन्या जोड्यांचा फलक लावायचा, वह्या हव्या होत्या. सगळ्यात वर भाऊसाहेब आणि सिद्दिकीसाहेब, मोठ्या अक्षरात, एक्केचाळीस-एक्केचाळीस. रविवारी दोघांच्या हस्ते अनावरण. बाई उत्साहानं बोलत होत्या आणि माझ्या हातातला चहा गार झाला. तोवर खोटं एका वहीत होतं, कपाटात. आता ते भिंतीवर चढणार होतं.

चौथ्या दिवशी शनिवारी मी सिद्दिकीसाहेबांच्या दुकानात जाऊन बसलो. ते आता पंच्याहत्तरीच्या पुढचे, पण गिऱ्हाइकापुढं शाल टाकताना मनगट तसंच फिरतं. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. पुस्तक, रिवाज, आणि नोकरीसुद्धा.

ते शालीच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "शेळके, आप मेरी सर्व्हिस कितने साल देखे?"

"बारा वर्षं."

"बारह साल. तीन बॉल लगातार बाहेर गेलेले कधी पाहिले?"

"नाही."

"वकीलची कमर सरावातच धरली होती. मेरेकू दिखा. तुम्हाला खुर्चीवरून नाही दिसलं? तो काही मैदान सोडणारा नाही, मरेल पण उभा राहील. मैं सोचा, अपना रिवाज है ना, पहिली पडेल ती. चार-सहा बॉल बाहेर मारतो, तेवढ्यात त्याची कमर सुटेल, फिर खेलेंगे." त्यांनी घडी घातलेली शाल पुन्हा उलगडली. "मैं खेल बचा रहा था, शेळके. और आप लिख दिए, खेल हुआच नहीं."

मी म्हटलं, "चुकलं माझं. नोकरीपायी झालं."

"नोकरी का मेरेकू मालूम था. बच्चे थे तुम्हारे. पण तुम्ही मला एकदा विचारायचं होतं. मैं खुद बोलता, मत लिखो. एक जीत क्या बड़ी चीज है?" मग आवाज बदलला. "बड़ी चीज है. झूठ क्यूँ बोलूँ. तीस साल बराबर, बराबर सुनता आया. मी बरोबर नव्हतो. मी एकानं पुढं होतो."

इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. मला शरमेनं मान वर करवेना. घरी येऊन सुमनला तेवढं म्हटलं, उद्या क्लबात मी काहीतरी बोलणार आहे, तू येऊ नकोस. ती अर्थातच आली.

रविवारी सकाळी कोर्टाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. फलकावर चादर. भाऊसाहेब फुलंब्रीहून मुलाच्या गाडीतून आले, हातात काठी, आवाज पूर्वीचाच. डॉक्टरबाईंनी माइक हातात घेतला, तेवढ्यात मी उठलो आणि माइकशिवायच बोललो. फलकावरचा आकडा चुकीचा आहे, सिद्दिकीसाहेबांचे बेचाळीस हवेत. ती शेवटची मॅच झाली होती, लिहिताना मी चुकलो.

क्षणभर कुणाला काही समजेना. भाऊसाहेबांना समजलं. काठी आपटत म्हणाले, "पहिली पडेल ती. पडली का? नाय पडली. मग मॅच कशी झाली? साधा कायदा हाय."

"ते तीन बॉल मुद्दाम बाहेर मारले होते, भाऊसाहेब," मी म्हणालो. "तुमची कमर सुटावी म्हणून."

सिद्दिकीसाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की हे सांगायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? भाऊसाहेब त्यांच्याकडं वळले. "व्हय का रे?"

सिद्दिकीसाहेब जाळीकडं बघत म्हणाले, "हवा थी उस दिन."

"कसली हवा? त्या दिवशी पान हलत नव्हतं. कमर धरून उभा होतो मी, घामाची धार लागलेली. मला इचार." मग ते काठीवर जोर देऊन उठले. "म्हंजी पहिली अजून पडायचीच हाय. मार मग. आत्ता मार."

मुलगा पुढं धावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं आणि कोर्टावर आपल्या बाजूला जाऊन उभे राहिले. डॉक्टरबाईंनी स्वतःची रॅकेट सिद्दिकीसाहेबांपुढं केली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली, चपला काढल्या, टोपी नीट केली आणि रेषेमागं गेले. भाऊसाहेब माझ्यावर ओरडले, "शेळके, तुम्ही काय बघताय? चढा वर."

माझे गुडघे आता त्या खुर्चीचे राहिले नाहीत. पण चढलो. वर जाऊन "प्ले" म्हटलं.

पहिला बॉल जाळीत. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी बॉल वर टाकला, हात पूर्वीसारखा पाठीमागून आला, निम्म्या जोरानं, आणि बॉल आत पडला. रेषेपासून चांगला हातभर आत. भाऊसाहेबांच्या काठीजवळून तो मागच्या जाळीपर्यंत गेला. त्यांनी तो जाताना शेवटपर्यंत पाहिला.

"पंधरा-शून्य," मी पुकारलं.

"पडली," भाऊसाहेब म्हणाले. "आता मी सोडतो. कमर. लिहा, शेळके." मग काठी टेकत जाळीपर्यंत आले आणि हात पुढं केला. सिद्दिकीसाहेबांनी तो दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलले ते, पण खुर्चीवर ऐकू आलं नाही. सुमन डोळ्याला पदर लावून बसली होती.

वहीत त्या जुन्या ओळीखालीच जागा होती. मी लिहिलं: भाऊसाहेबांनी पंधरा-शून्यवर सोडली, सिद्दिकी विजयी. आणि सही केली. फलक रंगवणारा अजून आलेला नाही, त्यामुळं एक्केचाळीसवर सध्या बेचाळीसचा कागद चिकटवला आहे. वाऱ्यानं कोपरा उचलतो, मी जाता-येता दाबतो.

खरं तर आता मला शांत वाटायला हवं होतं. नाही वाटत. कारण त्या सकाळी मी "चुकलो" म्हणालो, का चुकलो ते म्हणालो नाही. सिद्दिकीसाहेबांना माहीत आहे, सुमनला हे लिहिताना सांगितलं. भाऊसाहेबांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं मी रिवाज मानला. दुपारच्या जेवणाला ते सगळ्यांना सांगत होते, "शेळके लई सरळ माणूस, पुस्तकापेक्षा क्लब मोठा मानायचा." मी भात कालवत बसलो.

हा अंक दरवर्षी फुलंब्रीला त्यांच्या घरी जातो आणि ते तो पहिल्या पानापासून वाचतात. म्हणून इथंच लिहितो. भाऊसाहेब, तुम्ही मला धमकी दिली नव्हती, नोकरीचा शब्दही काढला नव्हता. मीच भ्यालो. सिद्दिकीसाहेब मला दुकानात म्हणाले, "तुम्ही मला एकदा विचारायचं होतं." तेव्हा त्यांना विचारलं नाही, तसं तुम्हालाही नाही. ते आता विचारतो. त्या दिवशी मी बेचाळीस लिहिलं असतं, तर तुम्ही मला कायम केलं असतं का?

रविवारी सकाळी मी क्लबातच असतो.